गोम

रायनी गावात खडक बघायला जाल
तर दिसेल फक्त कुरण.
गवत, गाई, तारेच्या कुंपणाला
अडकलेले लोकरीचे पुंजके.
खडक खाली आहे. वर रिडॉकची शेती.

रिडॉक म्हणतो, पणजोबांनी
इथलेच धोंडे रचून बांध घातला;
बांधात कोण कोण बसलंय
हे तेव्हा कुणाला ठाऊक?

चाळीसेक कोटी वर्षांपूर्वी इथे ऊन पाण्याचे झरे होते.
पाणी उतू गेलं, निवलं,
आणि जे जिथे होतं ते तिथेच
गारगोटीत राहिलं:
वीतभर उंचीची बिनपानांची झाडं,
बुरशी, कोळ्यांचे चुलते,
आणि तिळाच्या कणीएवढी
जबड्यांची एक जोडी.
नुसतेच जबडे. किडा नाही.

इश्बेल गेडीस ॲबर्डीनच्या एका तळघरात
दगड इतका पातळ घासते
की त्यातून वर्तमानपत्र वाचता यावं.
सत्तावीस वर्षं. बोटांचे ठसे झिजून गेलेत,
तिचा फोन तिला ओळखत नाही.

तिची भाची शोना वरच्या मजल्यावर.
ती दगडाला हात लावत नाही.
तिच्याकडे झुरळ, चतुर, ऊ, नाकतोडा,
सगळे चारच अक्षरांत लिहिलेले.
नकलताना कुठे काय चुकलं
ते ती मोजते, पोथ्या ताडून बघावं तसं.
जितक्या चुका, तितका काळ.

शोनाचा हिशेब: अठ्ठेचाळीस कोटी.
इश्बेलचा दगड: एक्केचाळीस.
मधल्या सात कोटी वर्षांत
एक पाय नाही, एक मिशी नाही.

"मग होते कुठे ते?"
"होतेच, आत्या. तुझ्या दगडाला दिसले नाहीत."
"आणि तुझ्या घड्याळाला किल्ली कोण देतं गं?"

शोना बिस्किट चहात बुडवते, ते तुटतं.
कारण तेही खरंच.
चुका किती वेगानं होतात
हे नुसत्या चुकांवरून कळत नाही,
एखादी तारीख दगडातून आणावी लागते
आणि तिच्यावर काटे लावावे लागतात.
आणि ते जबडे? आता काहीजण म्हणतात,
ते किड्याचे नसतीलच,
गोमेच्या कुळातले असतील.

इथेच तर गोम आहे, मी म्हणालो,
आणि एकटाच हसलो.
मग इश्बेलला समजावून सांगितलं
की माझ्या भाषेत एकच शब्द दोन्हीकडे चालतो.
समजावलेला विनोद म्हणजे
नुसता ठसा, आतला जीव गेलेला.
ती सौजन्यानं म्हणाली, "हं, छान."

तशी गोम किड्यांची सख्खी मानली जायची,
तोंडवळा जुळतो म्हणून.
शोनाच्या अक्षरांनी तिला शेजारीण ठरवलं.
सख्खे निघाले ते भलतेच:
समुद्राखालच्या गुहांतले,
झिंग्यांच्या गोतातले, आंधळे,
उताणे पोहणारे.

इश्बेलच्या गावच्या चर्चमध्ये जन्माची वही आहे.
मधली चौदा वर्षं कसरीनं खाल्ली.
कसर, जिला पंख कधी फुटलेच नाहीत,
जी शोनाच्या झाडावर पार बुंध्याशी बसते.
त्या चौदा वर्षांत इश्बेलच्या
खापरपणजीची आई जन्मली असणार.
नाव गेलं. पण बाई होती,
एवढं इश्बेल छातीठोक सांगते:
"नाहीतर हा चहा कोण पितंय?"

मग ती खाली जाते, करवत सुरू करते.
दर कापाला पात्याच्या जाडीइतका दगड
चुरा होतो आणि पाण्याबरोबर वाहून जातो.
दोन मिलिमीटर.
त्यात तिळाच्या कणीएवढे जबडे
कितीतरी मावतील.

मोरीच्या तोंडाला तिनं एक फडकं बांधलंय.
का, ते कुणी विचारत नाही.
शुक्रवारी ती ते पिळते,
आणि झटकत मात्र नाही.